आईचं भाकीत

आईच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि प्रकाशकाला माझ्याकडून चार पानं हवी होती. प्रस्तावना तिनेच लिहायची असं ठरलं होतं. माघात ती गेली.

पुस्तकाच्या शेवटी तिने एक वाक्य लिहून ठेवलं होतं: ओडिशातल्या चिलिका सरोवरात मासळी पुन्हा भरभरून आली, तर बालिपदर गावातली मडक्याची प्रथा बंद पडेल. आश्विनातली कुमार पौर्णिमा झाली, मासेमारीचा हंगाम उघडला, की त्या गावातलं प्रत्येक घर आपल्या खुणेचा एक मातीचा मणी, जाळ्याला वजनासाठी बांधतात तसला, मडक्यात टाकतं. गावात सगळ्यांत नव्याने आलेली सून हात घालून एकेक मणी काढते, कारण कुठली खूण कुणाची हे तिला अजून ठाऊक नसतं. ज्याचा मणी आधी, त्याने सरोवरातली जागा आधी निवडायची. आईचं म्हणणं होतं की हे टंचाईने शिकवलेलं आहे. पुरेसं नसतं तेव्हा माणसं भांडण टाळायला नशिबाला मध्ये घेतात. पुरेसं झालं की त्याची गरज उरत नाही.

तिने हे लिहिलं तेव्हा सरोवराचं समुद्राकडचं तोंड वाळूने बुजत चाललं होतं. पुढे नवं तोंड खोदलं गेलं, खारं पाणी आत आलं, मासळी परतली. आईला जाऊन बघायचं होतं. आधी गुडघे आडवे आले, मग आजार. रुग्णालयात मला म्हणाली, "लोपा, तू जाऊन बघ. मडकं असलं तर मी चुकले असं छाप. आणि गोड शब्दांत नको."

मडकं नसावं, असं मला फार वाटत होतं.

माझ्याबरोबर प्राणकृष्ण मौसा आले. ते मासळीचे अभ्यासक, आणि या मडक्यावरून आईशी जन्मभर भांडलेले. त्यांच्या मते प्रथेचं कारण माणसांत नव्हतंच, पाण्यात होतं. गावात घरांपेक्षा जागा जास्त; ज्या उरतात त्या वर्षभर मोकळ्या राहतात, तळ सावरतो, मासळी वाढते. म्हणून मासे असोत वा नसोत, प्रथा टिकणारच. परिषदांत दोघांना शेजारी बसवायला लोक घाबरत. आईच्या दहाव्याला हेच मौसा अंगणात एकटे उभे होते.

नावेत बसल्यावर ते म्हणाले, "मडकं असेल. आधीच सांगून ठेवतो, मग रडू नकोस."

"तुम्ही जिंकायला निघालात की सोबत करायला?"

"दोन्ही. नावेचं भाडं एकच पडतं."

मडकं होतं. वडाखाली, तोंडाशी शेंदूर लावलेलं. झुनू नावाची नवी सून कोपरापर्यंत बांगड्या मागे सारून मणी काढत होती आणि प्रत्येक मण्याला आरडाओरडा होत होता. "अगं, सासऱ्याचा आधी काढ, नाहीतर रात्री उपाशी झोपशील!" कुणीतरी ओरडलं. झुनू हसली आणि तिने भलत्याचाच काढला. मी त्या हाताकडे बघत होते. आईने हाच हात, दुसऱ्या कुणाचा, किती वर्षं पाहिला असेल, हे मनात आलं आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

नंतर गावातल्या म्हाताऱ्या दइतारी बेहेरांच्या ओसरीवर आम्ही पखाळ खायला बसलो. आंबवलेल्या भाताच्या पाण्यात मिरची चुरडत दइतारी म्हणाले, "लेकी, तू प्रोफेसर मौसीचीच ना? नाक तेच. आणि नाक खुपसणंही तेच."

"आता मासे भरपूर आहेत ना, आजोबा? मग मडकं कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझ्या आईसाठी!"

मला कळलं नाही. ते खुशीत आले.

"मौसी याच ओसरीवर बसून म्हणाली होती, मासे वाढले की तुम्ही मडकं फोडाल. मासे वाढले. दोन वर्षांनी पोरं म्हणायला लागली, आता कशाला ही कटकट, मिळेल तिथे जाळं टाकू. तेव्हा ही," त्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे, सुकांतीमौसींकडे, बोट केलं, "ही उठून म्हणाली, ती बाई सांगून गेली होती की आपण असे निघू! तशी सगळ्यांना लाज वाटली. मडकं राहिलं."

"काहीतरीच सांगतात," सुकांतीमौसी आतून म्हणाल्या. "यांना काय, पाहुणा दिसला की गोष्ट सुचते. काळीजाई देवी रागावेल म्हणून ठेवलं आम्ही."

"काळीजाईला तुझी आठवण तरी आहे का?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

दोघांतलं कुणाचं खरं, हे ओसरीवर ठरलं नाही. शेजारचा एकजण म्हणाला की सवय आहे, दुसरं काही नाही. आणखी एक म्हणाला, मजा येते म्हणून.

परतताना नावेत मौसा माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "ऐक. तुझी आई चुकली नाही. पोरं सोडायलाच निघाली होती, म्हातारा काय म्हणाला ऐकलंस ना? तिने आधी सांगून ठेवलं म्हणून ते थांबले. माझ्या माशांनी माझा लेख वाचलेला नाही, म्हणून माझं सोपं. तिच्या माणसांनी तिचं ऐकलं. लिही, सांगितलं नसतं तर भाकीत खरं ठरलं असतं."

चारही पानं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. किती सुंदर झाली असती. आणि कुणालाही कधी खोडता आली नसती. ज्याला भाकीत सांगितलंच नाही, असं बालिपदर पडताळायला आता कुठून आणायचं?

"मौसा, आई इथे बसलेली असती आणि हेच तिने म्हटलं असतं, तर तुम्ही मानलं असतं?"

त्यांनी पाण्यात हात घातला. "नाही."

"काय म्हणाला असतात?"

"म्हणालो असतो, बाई, पळवाट शोधू नका."

"मग माझ्याशी इतकं मऊ का बोलताय?"

उपरण्याने त्यांनी हात पुसला, मग चष्मा पुसला. मान वर केली तेव्हा आवाज आईच्या बैठकीत तिच्याशी भांडतानाचा होता, मी दाराआडून ऐकलेला.

"ठीक आहे. चुकली ती. मडक्यामागे एकच कारण असणार असं तिने धरलं. लोकांनी शरम बाळगली, देवी बाळगली, थट्टा बाळगली. तिने टंचाईच पाहिली. आणि आपण बोललेलं गावात राहतं, हे तिने हिशेबातच घेतलं नाही. छाप हे."

"छापते." मी म्हटलं. "आणि तुमचं? आधी नंबर लागलेलं घर चांगलीच जागा घेणार. उरतात त्या नेहमी वाईट जागा. मग चांगल्या जागेचा तळ सावरतो कधी?"

नाववाला वल्हं थांबवून बघायला लागला.

"वाळू सरकते," मौसा म्हणाले. "या वर्षीची वाईट जागा पुढच्या वर्षी चांगली होते."

"मोजलंय कुणी?"

"हे तिने मला कधी विचारलं नव्हतं."

"मी विचारतेय."

"अगं, पण त्याला निदान पाच-सहा हंगाम लागतील!"

"मग येऊ की दर हंगामाला, नावेचं भाडं एकच पडतं," मी म्हटलं, आणि ‘भाकीत चुकलं’ या वाक्याने सुरू होणारा पहिला परिच्छेद मनात जुळवायला लागले. मौसा शेजारी अजून वाळूबद्दल तावातावाने बोलत होते.