महालक्ष्म्यांपुढची आगगाडी

टोपली करायला म्हणून मी रद्दी भिजवून, मेथीचं कूट घालून, उखळात कुटून ठेवली होती. आमच्या ह्यांनी मला न विचारता तिचा आगगाडीसाठी डोंगर केला. वर म्हणतात, "मेथीनं कीड लागत नाई, हे तूच त सांगतलं!" चोरी करायची आणि साक्षीदार मलाच करायचं.

पोराच्या, वैभवच्या, हाती भाजीचं वावर दिल्यापासून ह्यांना हे वेड लागलं. केळझरच्या घरी पुढच्या खोलीत प्लायवूडची फळी, तिच्यावर विजेची छोटी आगगाडी. आवाज दबावा म्हणून रुळांखाली जुन्या चटईच्या पट्ट्या. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या बारीक काड्यांची झाडं, हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाचं गवत. खोटं कशाला बोलू, दिसायचं झकास.

पण माझी नणंद धुरपताबाई मागच्या महालक्ष्म्यांना आष्टीहून आली आणि भर पंगतीत म्हणाली, "अण्णा म्हातारपणी खेळण्यात गेला." सगळे हसले, हेही हसले. पण पुरणपोळी एकच खाल्ली. नवरा कधी दुखावतो ते मला त्याच्या ताटावरून कळतं. यंदा ह्यांनी तिला फोनवरच सांगून टाकलं, गाडी महालक्ष्म्यांभोवती फिरेल.

आणि पूजेच्या सकाळी गाडी डोंगराच्या चढावर अडली. इंजिन गुरगुरतंय, चाकं गरागरा फिरतायत, गाडी जागच्या जागी. ह्यांनी बोटानं रुळांवर अजून तेल चोपडलं.

"काऊन हो, रुळाले तेल?"

"अवं, जिंदगीभर बैलबंडीले वंगण देल्लं. गाडी म्हटली का तेल लागतेच."

"बंडीच्या कण्याले देत होते का रस्त्याले?"

ह्यांनी तेलाचं बोट धोतराला पुसलं. मग मी साखरेच्या आजाराच्या सुईआधी लावायचं स्पिरिट कापसावर घेतलं आणि रूळ कोरडे होईपर्यंत पुसले, चाकंही पुसली. चढ एकदम उभा होता. आम्ही दोघांनी पार मागून रुळांखाली पुठ्ठ्याचे थर सरकवत तो लांबट, सावकाश चढणारा केला.

दुपारी धुरपताबाई आली. गाडी डोंगर चढली, महालक्ष्म्यांच्या मागून वळसा घालून समोर आली. नणंद लुगडं सावरत खाली बसली. एक शब्द नाही. मग गाडीच्या उघड्या डब्यात खडीसाखरेचा खडा ठेवून हळूच म्हणाली, "अण्णा, आणखीन एक चक्कर मार ना."

चकरा संपेनात. पंगत खोळंबली. हे बटण सोडायला तयार नाहीत, डोळे भरलेले. शेवटी मीच सगळ्यांदेखत म्हटलं,

"धुरपताबाईचं तोंड बंद करणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात तुमच्यासारखा दुसरा नाई. उठा आता, जेवाले बसा."