न ऐकताच दिलेला होकार

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. नाव भारदस्त आहे खरं, पण त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. घरात मी नुसतं 'मशीन'. "बाबा, मशीन लावलंत का?" एवढीच काय ती माझी विचारपूस. मित्रांनो, मी काजूएवढा आहे, कानामागे बसलो की दिसतही नाही. पण स्वभावानं जरा तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी नीट बसवलं नाही, की मी शिट्टी मारतो.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ खोलीत झाला. भिंगातून बघत एका कामगार बाईनं चिमट्यानं माझ्या पोटात केसाएवढ्या तारा बसवल्या. दिवसाला माझ्यासारखी चाळीस यंत्रं तिच्या हातून जायची, तरी प्रत्येकाला ती शेवटी स्वतःच्या कानाशी धरायची आणि "बोल रे राजा" म्हणायची. मग मी एका दुकानाच्या कपाटात आठ महिने पडून राहिलो. मी फार महाग नव्हतो आणि स्वस्तही नव्हतो. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटसुलट करायचं आणि ठेवून द्यायचं.

एके दिवशी एक मुलगी तिच्या वडिलांना घेऊन आली. मुलगी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायची. वडील काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कान तपासणाऱ्या बाईंनी माप घ्यायला त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरला, तेव्हा "अहो, गुदगुल्या होतात," म्हणून ते हसत सुटले. मला ते तिथंच आवडले. माझे बाबा ते हेच.

बाबांनी तीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर बसून बाटल्या तपासल्या होत्या. मागे दिवा, पुढे बाटल्यांची रांग. तडा किंवा बुडबुडा दिसला, की ती बाटली उचलून बाजूला. हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत यायच्या. त्या खणखणाटात फोरमन काय ओरडतोय ते कुणालाच कळायचं नाही. मान हलवून "हो, हो" म्हटलं, की तो पुढच्या माणसाकडे जायचा. सगळ्यांनी हीच युक्ती धरली होती. पुढे कारखाना सुटला, ऐकू येणं जाऊन नुसती गुणगुण उरली, पण ते "हो, हो" काही सुटलं नाही. बाबांनी हे सगळं त्या कान तपासणाऱ्या बाईंना सांगितलं, म्हणून मला माहीत.

सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता. पहिल्या संध्याकाळी बाबा घरभर फिरले. मग मोरीपाशी थांबून म्हणाले, "अगं, हा नळ गळतोय."

"सात वर्षं गळतोय, बाबा," मुलगी म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

दोघं किती हसली. त्या दिवसांत बाबा मला झोपतानाच काढायचे, मऊ कापडानं पुसायचे, माझ्यासाठी वेगळी डबी होती. शेजारच्या शिंपीकाकांना ते मला काढून दाखवायचे आणि माझी छाती फुगायची.

पण नव्याचे नऊ दिवस. माझा बटणाएवढा सेल दर आठ-दहा दिवसांनी संपायचा आणि बाबा पडले काटकसरी. "घरात कशाला हवंय मशीन? बाहेर जाताना लावीन," असं म्हणून ते मला काढून ठेवू लागले. डबी हरवली. मी साबणाच्या रिकाम्या डबीत, फळीवर राहू लागलो. माझ्या नळीत मळ साचला. राग यायचा मला. पण काजूएवढ्या जिवाचा राग विचारतो कोण?

घरात बाबा पुन्हा "हो, हो" वर आले. मुलगी काहीतरी विचारायची. बाबा सुरुवातीला "काय म्हणालीस?" म्हणायचे. ती परत सांगायची. तिसऱ्यांदा मात्र दिवसभर वाफेपुढे उभी राहून आलेली ती पोर कंटाळून म्हणायची, "जाऊ दे, बाबा. काही नाही." वाईट मनानं नव्हे हो, थकलेली असायची. पण हळूहळू बाबांनी विचारणंच सोडून दिलं.

आता ज्यासाठी मी हे सांगायला बसलोय, ते सांगतो. मुलीनं बाबांना एक फोन घेऊन दिला. नंबर नवा होता, म्हणजे बाबांसाठी नवा. त्याआधी तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्या माणसानं कर्ज काढलं होतं, हप्ते थकवले होते आणि नंबर सोडून तो पसार झाला होता. हे आम्हाला कुठून कळणार?

एका सकाळी बाबा दाढी करत होते. फोन उजळला, थरथरला. बाबांनी साबणाच्या हातानं तो उचलला. त्यांच्यासाठी फोनचा आवाज कायम मोठाच ठेवलेला असे, त्यामुळे फळीवरून मला सगळं ऐकू आलं. पलीकडच्या माणसानं त्या पसार झालेल्याचं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच बोलताय ना?"

"हो, हो," बाबा म्हणाले.

"कर्जाचे हप्ते थकलेत, मान्य आहे ना?"

"हो, हो."

"या महिन्यात भरणार ना?"

"हो, हो. बरं आहे, ठेवतो." आणि बाबांनी गालाला वस्तरा लावला. त्यांना वाटलं, कुणीतरी ख्यालीखुशाली विचारली.

मित्रांनो, त्या वेळी मी त्यांच्या कानात असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. ही बोच मला अजून आहे.

दुसऱ्या दिवसापासून फोनचा मारा सुरू झाला. चौथ्या दिवशी बाजारात जाताना बाबांनी मला लावलं होतं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं. "या वयात लोकांचे पैसे बुडवता, लाज वाटत नाही का?" कुणीतरी खेकसत होतं. बाबा म्हणाले, "अहो, तो मी नव्हे. तुमचा नंबर चुकतोय." पलीकडचा हसला. "तुम्ही स्वतः कबूल केलंय. तुमचा आवाज आहे आमच्याकडे." आयुष्यात त्यांनी कुणाचं उसनं आणलेलं मीठही ठेवलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी मला काढलं आणि साबणाच्या डबीचं झाकण लावलं. ऐकूच आलं नाही तर बरं, असा त्यांचा हिशोब. मुलीला ते बोलले नाहीत. तिच्या डोक्याला आणखी ताप नको, असं त्यांना वाटलं.

तिचं डोकं खरंच एका गोष्टीत गुंतलं होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशी थकल्या होत्या आणि दुकान तिला चालवायला देणार होत्या. महिनाअखेर डिपॉझिट आणलं तर दुकान तिचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. पाच वर्षं ती त्या पैशांसाठी पोटाला चिमटा काढत होती. दुकानाच्या पाटीला रंग कुठला द्यायचा, हेही तिनं ठरवलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी वसुलीवाले घरी आले. दोघं होते. एकाच्या हातात हेल्मेट, दुसऱ्याच्या हातात फाईल. बाबा मागच्या दुकानातून दूध आणायला गेले होते, मुलगी नुकतीच कामावरून आली होती. ते आत आले नाहीत. जिन्यातच उभे राहून मुद्दाम मोठ्यानं बोलले. तीन दारं उघडली. शिंपीकाकांनी शिवणयंत्र थांबवलं.

"माझे बाबा असं करणार नाहीत," मुलगी म्हणाली.

फाईलवाल्यानं फोन काढून तिला ते बोलणं ऐकवलं. आवाज बाबांचाच होता. ते निघून गेले आणि दारं हळूच बंद झाली.

बाबा आले. भांडी पुसायला बसले, दाराकडे पाठ करून. मुलगी मागे येऊन उभी राहिली. एरवी ती समोर येऊन बोलते, म्हणजे ओठांवरून बाबांना अर्धंमुर्धं कळतं. त्या दिवशी तिला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही कर्ज काढलंय?"

"हो, हो," बाबा म्हणाले आणि ताट पुसत राहिले.

मी फळीवर डबीत होतो. माझा जीव तीळ तीळ तुटला. अगं, त्यांच्या समोर जा, परत विचार, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा जन्म ऐकवण्यासाठी झालाय, बोलण्यासाठी नाही. ती तशीच मागे फिरली. तिनं परत विचारलं नाही.

पुढचे तीन दिवस ती बाबांशी कामापुरतं बोलली. बाबांना वाटलं, पोर दमते आहे. त्यांनी तिच्यासाठी पाणी तापवून ठेवलं, तर ती त्याला न शिवताच झोपली. शुक्रवारी तिनं डिपॉझिटचे पैसे पाकिटात घातले. मला डबीतून काढलं, टाचणीनं माझी नळी साफ केली, नवा सेल घातला आणि बाबांच्या कानात बसवलं. "चला. त्या कर्जवाल्यांच्या कचेरीत सही करायची आहे," एवढंच म्हणाली. बाबा खूश झाले. त्यांना वाटलं, पोरीला कुठूनतरी कळलं आणि ती आता त्या लोकांचा कान पकडणार.

कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कचेरीत साहेब म्हणून चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. मुलीनं त्यांच्यापुढे पाकीट ठेवलं.

"हे कशाला?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या कर्जाचे."

"माझं कुठलं कर्ज?"

"बाबा, आता पुरे. मंगळवारी तुम्हीच हो म्हणालात ना."

बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. बाबांनी मान वाकडी करून ते ऐकलं आणि म्हणाले, "आवाज माझा आहे. ते नाव माझं नाही. आणि हे प्रश्न मी आज पहिल्यांदा ऐकतोय."

"काका, सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. आवाजात तुसडेपणा नव्हता, कंटाळा होता.

बाबा मुलीकडे वळले. "मंगळवारी कधी विचारलंस तू?"

"तुम्ही भांडी पुसत होतात तेव्हा."

"मग मशीन कुठं होतं?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं हात पुढे करून मला बाबांच्या कानातून अलगद काढलं, टेबलावर ठेवलं आणि बाबांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग बाईंना म्हणाली, "आता विचारा. काहीही विचारा."

बाई जराशा घुटमळल्या. "काका, काल आमच्या ऑफिसच्या काचा तुम्ही फोडल्यात का?"

"हो, हो," बाबा भिंतीला म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. त्यानंही विचारलं, "साहेबांची खुर्ची घरी नेणार का?"

"हो, हो. बरं आहे."

आता सगळेच हसले. मुलगी हसली नाही. ती बाबांच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, ऐकू आलं नाही तर तुम्ही परत का विचारत नाही?"

"हो, हो," बाबा म्हणाले.

मग मात्र कुणी हसलं नाही.

बाईंनी मूळ कागद मागवले. तोवर त्यांच्याकडे फक्त नावांची आणि नंबरांची यादी होती. कागदावर फोटो निघाला चाळिशीतल्या एका मिशीवाल्याचा. बाईंनी पाकीट परत केलं, माफी मागितली, चूक झाल्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी दिलं. ते पत्र मुलीनं जिन्यातल्या प्रत्येक दाराशी जाऊन वाचून दाखवलं. दुकानही तिला मिळालं.

पण माझ्या मनात राहिलंय ते कचेरीबाहेरच्या पायरीवरचं. मुलीनं मला पुन्हा बाबांच्या कानात बसवलं. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि परत का विचारत नाही, हा मघाचाच प्रश्न तिनं हळू, स्पष्ट विचारला. बाबांना ऐकू आला.

"विचारायचो की गं," ते म्हणाले. "तू 'जाऊ दे' म्हणायचीस. मग मी 'हो' म्हणायला लागलो."

ती तिथंच पायरीवर बसून रडली. बाबांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. आवाज जरा फाटतो, शिट्टी जास्त वाजते. कुणाच्या घरी माझा भाऊबंद असेल तर त्याला पुसा, कोरडा ठेवा, सेल वाचवण्याच्या नादात त्याला फळीवर टाकू नका. तेवढं केलंत तरी मी सुखी आहे. पण एक गोष्ट माझ्या हातात नाही, ती तुमच्या हातात आहे. घरातलं कुणी "काय म्हणालास?" असं तिसऱ्यांदा विचारेल. तुम्हाला घाई असेल, कंटाळा येईल. तरी 'जाऊ दे' म्हणू नका. जवळ जा, समोर उभे राहा आणि परत सांगा.