चौथं गाणं

बाजू पहिली

तिघांच्या बँडची पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा ड्रमर ती घेऊन थेट बहिणीकडे गेला. चौथं गाणं त्यानं तिच्यासाठी लिहिलं होतं आणि स्वतः गायलं होतं. तिच्याच घराच्या मागच्या खोलीत त्याची वर्षानुवर्षं ठोकाठोक चालायची. शेजारी भांडायला यायचे, पण तिनं त्या खोलीचं दार कधी लावलं नव्हतं.

ताईनं चौथं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "छान आहे रे. पण माझं कुठलं?"

"हेच की."

"वेड्या, हे उलटं वाजतंय."

गिटारवाल्याला गाणी उलटी करून बघायची खोड होती, आणि छपाईला या गाण्याची नेमकी तशीच प्रत गेली होती. नमुन्याची रेकॉर्ड तिघांनी डोळे मिटून ऐकली होती. "वा, काय भन्नाट!" असं सगळ्यात आधी ड्रमरच म्हणाला होता. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नव्हता.

बाजू दुसरी

गिटारवाला फोनवर खो खो हसला. "अरे, पण लोकांना तेच सगळ्यात आवडलंय!"

"ते ताईचं गाणं होतं."

"मग आता सगळ्यांचं झालं. शनिवारी स्टेजवर तेच मागणार बघ. तसंच उलटं पाठ कर."

ड्रमरनं त्याला शिव्या घातल्या. बँड सोडायची हिंमत मात्र त्याला झाली नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत बसून तो ते निरर्थक आवाज घोकू लागला.

ताई उठली आणि तिनं बाहेरून दार लोटून घेतलं.