फिरकीचं विणकाम

हस्तकलेच्या बाईंनी दुसरीतल्या मुलांची विणकामं खोक्यात भरून घरी आणली, तिथंच सगळं फसलं. आता मुलांची विणकामं ती काय असणार! तळहाताएवढा पुठ्ठा, वरखाली कापलेल्या खाचा, त्यांत ताणलेला दोरा आणि मधून लोकर, एक धागा वरून, एक खालून. पण सोमवारी ती वर्गात टांगायची होती, आईवडील बघायला येणार होते, आणि पोरांनी त्यापायी जिवाचं रान केलं होतं.

त्यातही फिरकीचं काम. ही पोर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे फिरकीच म्हणत. चित्र अर्धं, पाढा अर्धा, डबासुद्धा अर्धा. पण हे विणकाम मात्र तिनं तडीस नेलं होतं. लोकर इतकी ओढलेली, की पट्टा मधोमध आवळून बारीक झाला होता, धागेही चुकले होते, पण पूर्ण! "बाबांना मीच दाखवणार, तुम्ही आधी सांगायचं नाही," अशी तंबी तिनं बाईंना देऊन ठेवली होती.

रविवारी सकाळी बाई टांगायला सुतळी आणायला कोपऱ्यावर गेल्या. गेल्या काय, आल्या काय! तेवढ्यात घरात त्यांच्या आईनं कार्यभाग उरकला होता.

आईचं डोकं अलीकडे जागेवर नसे. लेकीला कधी ओळखी, कधी "कुणाकडे आलात?" म्हणून विचारी. हात मात्र काही विसरले नव्हते. उभी हयात तिनं जुने स्वेटर उसवून नवे विणले होते. त्या घरातल्या मुलांनी दुकानातली लोकर कधी पाहिलीच नव्हती. लोकर दिसली की टोक शोधायचं, उसवायचं आणि गुंडा करायचा. खोक्यातलं एकूणएक काम तिनं उसवलं होतं, आणि रंगारंगांचे गुंडे टेबलावर मांडून ऐटीत बसली होती.

"एक धागा तुटू दिला नाही बघ," ती म्हणाली. "कुणाला विणायचंय?"

बाईंनी खोक्यात पाहिलं, नुसते पुठ्ठे. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण ओरडून उपयोग काय? "छान केलंस हं, आई," त्या म्हणाल्या, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या.

मग बसल्या विणायला. बाकीच्यांची कामं संध्याकाळपर्यंत कशीबशी उभी राहिली. फिरकीचं काही केल्या जमेना. लोकर ओढून पाहिली, मुद्दाम धागे चुकवले. पण सरळ विणायची सवय लागलेले ते हात, चूकसुद्धा नीटनेटकी करत होते! शेजारी आई टोक शोधत होतीच. एका हातानं तिला आवरायचं आणि दुसऱ्या हातानं विणायचं. शेवटी बाई टेकीला आल्या. जसं झालं तसं राहू दिलं.

सोमवारी फिरकी वडिलांना ओढतच वर्गात घेऊन आली, आणि भिंतीसमोर थबकली.

"अरे वा! हे तू केलंस?" वडील हरखून गेले. "काय सफाई आहे! मी म्हणत होतो ना, मनावर घेतलंस तर जमतं तुला."

ते इतरांची कामं बघायला पुढे सरकले, तशी फिरकी बाईंजवळ आली.

"बाई, हे माझं नाहीये."

बाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. त्या चेहऱ्याकडे बघून बोलवेना. त्या खाली बसल्या आणि आई, खोकं, गुंडे, सगळं सांगून टाकलं.

"मग तुम्ही त्यांना ओरडलात?"

"नाही गं."

"का?"

"तिला आता कळत नाही, बाळा. तिनं मुद्दाम नाही केलं."

फिरकीनं जरा विचार केला. "मी पण मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. "मला तर सगळे ओरडतात. तुम्ही पण."

तिकडून वडिलांनी हाक मारली. त्यांना फोटो काढायचा होता. फिरकी गेली आणि त्या सरळसोट पट्ट्याशेजारी उभी राहिली.

"अशीच थांब हं, हलू नकोस," वडील म्हणाले, आणि ती हलली नाही.