पोरीचा पाय का अडखळतो?

पळसदरीच्या वरच्या वाडीत सोमी भाकऱ्या थापत होती, पण लक्ष सगळं पोरीकडे. तालुक्याच्या कबड्डी संघात चढाई करणारी तिची तेजश्री आज पुन्हा अर्धी भाकरी टाकून उठली. डोळे तारवटलेले, चाल ओढल्यासारखी. महिन्याभरात तीन सामन्यांत तिची पकड झाली होती. वाडीतल्या बायकांनी अर्थ लावून टाकला होता, पोरगी कुणाच्या तरी नादी लागली. आपल्याकडे पोरीचा पाय अडखळला की दुसरं कारण मेलं कुणाला सुचतच नाही! बापाने, पोशाने, लोधिवलीचं स्थळ बघितलंसुद्धा. रविवारी पाहुणे येणार आणि खेळ बंद.

संशय सोमीलाही होताच. दुपारी ती पोरीच्या मागोमाग मैदानावर गेली नि करवंदीच्या जाळीआड बसली. पोरगा काही आला नाही. तेजश्री मात्र तासभर मोबाइल घेऊन बसली. अंगठा चालत होता, चेहरा घडीघडी उतरत होता. मग ती चढाईला गेली. समोरची नवखी मुलगी खाली वाकली, ते तिला दिसलंही, पण पाय मागे घ्यायला उशीर झाला. त्या मुलीने घोटा धरून तिला आडवी केली.

सोमी तरातरा पुढे गेली आणि पोरीचा मोबाइल उचलला. "कोन हाय गं तो?"

एक नव्हता, तिच्या खेळाच्या व्हिडिओखाली लिहिणारे शेकडो होते. सोमीला वाचता येईना, म्हणून प्रशिक्षक वनिता मॅडमनी वाचून दाखवलं. कुणी रंगावर बोललं होतं, कुणी मांड्यांवर. वाडीच्या पोरी रान सोडून मैदानात कशाला येतात, असंही कुणी विचारलं होतं. मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. रोज व्हिडिओ टाक, प्रत्येकाला उत्तर दे, आपल्या कबड्डी मंडळाचं नाव होतं, असं त्यांनीच पोरीला बजावलं होतं. डोकं शिणलं की धडधाकट पायही वेळेवर हलत नाही, हे प्रशिक्षकांच्या शिबिरात शिकूनही त्या गप्प बसल्या होत्या.

"चूक माझी आहे, सोमीताई," त्या म्हणाल्या, आणि व्हिडिओ आजपासून बंद, मंडळाला काय बोलायचं ते बोलू दे, असंही सांगितलं.

"आनि आमी पोरीवरच संशय घेतला," म्हणत सोमी तिच्या घोट्यावरची माती पुसत रडली.

रविवारी पाहुणे आले. सोमीने त्यांना पाणी दिलं आणि पोशाच्या देखत सांगितलं, "पोरगी सरावाला गेलीय. लगीन आत्ता करायचं नाय." पोशा पाहुण्यांना वाटेपर्यंत सोडायला उठला.

त्या व्हिडिओखालची नावं मी वाचली आहेत. कर्जतची आहेत, खालापूरची आहेत, नेरळच्या चांगल्या घरांतलीही आहेत. वाचकहो, तुम्ही तिथं काय लिहिलं होतं, जरा आठवून बघा.