डावी कातर

शुक्रवार पेठेत गुरुबसप्पाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन घरांमधली बोळकांडीच ती. पण आत शिरलेला माणूस बघतच राहायचा. वर मोटेची चाकं आणि साखळ्या टांगलेल्या, भिंतीवर बिजागऱ्यांच्या माळा, खाली पोत्यांत सात-आठ जातींचे खिळे, कोपऱ्यात पहारी नि कुदळी. विणकराला धोट्याचं टोक हवं असो की नव्या घराला कडी-कोयंडा, गुरुबसप्पा बसल्या जागेवरून हात लांब करायचा आणि वस्तू पुढ्यात यायची. पस्तीस वर्षांत आपल्या दुकानातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, असं तो सांगायचा. ते सगळं खरं नव्हतं, पण बरंचसं होतं.

दसरा होऊन गेला होता. मंगळवारच्या बाजाराचा दिवस. सकाळी एक धनगरीण पायरीशी येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. अंगानं काटक, पायांवर गुडघ्यापर्यंत फुफाटा. मंद्रूपच्या पलीकडून माणसं पहाटेच्या आधी निघून चालत यायची, त्यांतली दिसत होती.

"लोकर कातरायची कातर हाय का, आण्णा?"

"हाय का म्हणजे? किती हव्यात?" म्हणत गुरुबसप्पानं एक कातर काढून दिली.

बाईनं पदराची गाठ सोडली. आत लोकरीचा पुंजका होता. तिनं कातर डाव्या हातात धरली, पुंजका उजव्या चिमटीत, आणि पातं चालवलं. लोकर तुटली नाही. दोन पात्यांच्या मधे दुमडून बसली.

"दुसरी दावा की."

दुसरीचंही तेच. तिसरी, चौथी. सात कातरी झाल्या. तिनं प्रत्येकीची धार बोटानं चाचपली, प्रत्येक डाव्या हातानं चालवली, आणि दर वेळी लोकर घडी होऊन अडकली. बाजूला खिळे घ्यायला आलेले दोन सुतार हसायला लागले.

गुरुबसप्पाला राग आला. माल चोख होता. "बाई, कातरीला नावं ठेवू नको. हात बदल की!"

"नावं न्हाय ठेवत. चार दिस हात बदलून बघितला, आण्णा." ती शांतपणे म्हणाली. "उजव्या हातात लोकर कमी नि मेंढराचं कातडंच जास्त कापतंय. ह्यो बघा." तिनं डावा पंजा पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी मोठा फोड येऊन फुटला होता, त्यावर दुसरा धरला होता. "ह्या हातानं जोर करून करून असं झालंय. दिसाला एकच मेंढरू व्हतंय. अजून हायती तीस."

"घरचा माणूस काय करतो?"

तिनं सांगितलं. नाव तिचं मायाक्का. नवरा महिपती मेंढरांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायला चढला होता, फांदी मोडून खाली आला. खांदा निखळला तो नीट बसलाच नाही, हात वर होत नाही. भावकीतला हिंदुराव कातरणी करून देतो म्हणाला होता; पण गेल्या खेपेला तो उशिरा आला, तोवर लोकरीत कुसळं भरून गोळे झाले होते, घोंगडीवाल्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

"दुसऱ्याची कातर, दुसऱ्याची सवड," मायाक्का म्हणाली. "मला डाव्या हातानं चालंल अशी कातर पायजे."

"तशी कातर नसते, बाई."

"का नसती?"

गुरुबसप्पानं सातही कातरी जवळ ओढल्या. पस्तीस वर्षं लोखंडात गेली होती. पण कातरीलाही उजवा-डावा हात असतो हे त्याला आज कळत होतं. नाही म्हणायला जीभ मात्र वळेना. "पुढच्या मंगळवारी ये. बघतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं सुतारांना वाटेला लावलं, एक कातर डाव्या हातात घेतली आणि जुन्या कागदाचा तुकडा कापायला गेला. कागद दुमडला. त्यानं जोर केला, तसा आणखीच दुमडला. उजव्या हातात घेतली, सरळ कापला गेला. कातर तीच, धार तीच. 

दुपारी जेवायला तो घरी गेला. त्याची बायको सहा वर्षांमागं गेली होती. मुलगी अक्कम्मा अक्कलकोटकडं दिलेली, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घरात बोलणं सगळं कानडीत. सोप्यातून आत पाऊल टाकता टाकता त्याला ती दिसली. मांडीवर मऊ लुगड्याचा तुकडा घेऊन बाळासाठी कुंची बेतत होती, आणि कात्री तिच्या डाव्या हातात होती. जोडा वाजला मात्र, कात्री झटकन उजव्या हातात गेली. मान खाली घालून ती त्या हातानं कापू लागली, तशी रेघ वेडीवाकडी जायला लागली.

गुरुबसप्पा दारातच थांबला. पोर बावीस वर्षांची झाली, दुसऱ्याच्या घरी नांदते, आणि बापाच्या पावलाच्या आवाजानं अजून हात बदलते!

त्याला सगळं आठवलं. ती सहा वर्षांची असताना डाव्या हातानं जेवायची. लोक काय म्हणतील, सासरी काय म्हणतील, म्हणून त्यानं तिचा डावा हात कमरेशी चिंधीनं बांधून ठेवला होता. जेवताना बांधायचा, पाटीवर लिहिताना बांधायचा. वर्षभर. पोर आधी रडायची, मग रडेनाशी झाली. त्याला वाटलं होतं, सवय मोडली.

 त्या दुपारी अर्धी भाकरी पानात टाकून तो दुकानाकडं वळला.

दुसऱ्या दिवशी तो निंगप्पा लोहाराकडं गेला. निंगप्पाचा भाता वेशीजवळच्या कडुनिंबाखाली होता. माणूस हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ.

"डाव्या हातानं कापायचं?" निंगप्पा म्हणाला. "अपशकुन असतो तो. माझ्या भट्टीवर नको."

"मेंढराला शकुन-अपशकुन काय कळतो रे? त्याला गरम होतंय, लोकर काढायची."

निंगप्पा हसला आणि तयार झाला. कातरीतला मधला खिळा काढला, वरचं पातं खाली आणि खालचं वर घातलं, पुन्हा खिळा ठोकला. "घे. झाली तुझी डावी."

गुरुबसप्पानंही तपासून बघितली नाही. तिथं त्याची चूक झाली.

मंगळवारी मायाक्का आली, पदरातला पुंजका काढला आणि कातर चालवली. आता लोकर दुमडतही नव्हती, तुटतही नव्हती, चिरडत होती. पाती उलटी लावल्यामुळं दोन्ही धारा बाहेरच्या अंगाला गेल्या होत्या आणि आत नुसतं लोखंड लोखंडावर घासत होतं. गुरुबसप्पाचं तोंड उतरलं.

मायाक्का रागावली नाही. तिनं कातर फळीवर ठेवली. "तुमी बघितलंत तरी, आण्णा. हिंदुराव तर म्हणतो, डावखुऱ्या बाईनं मेंढरंच पाळू नयेत." ती वळली. तिचा डावा पंजा फडक्यात गुंडाळलेला होता.

"थांब," गुरुबसप्पा म्हणाला. "आणखी एक मंगळवार दे मला."

"तवर निम्मी कातरून हुतील की."

"होऊ देत. निम्मी राहतील ना?"

ती मान हलवून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

त्या दुपारी गुरुबसप्पा ती कातर आणि दुकानातली एक चांगली, अशा दोन कातरी काखेत मारून घरी गेला आणि सरळ अक्कम्मापुढं ठेवल्या. कुणाची, कशासाठी, सगळं सांगितलं. निंगप्पानं काय केलं तेही सांगितलं. मग म्हणाला, "तुला यातलं कळत असेल. मला नाही कळत."

अक्कम्मानं चमकून वर बघितलं. बापानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. थोडा वेळ ती बिघडलेली कातर उलटीसुलटी करत राहिली.

"पाती बदलून होणार नाही, अप्पा. पात्याची धार बदलायला हवी, मुठीचा बाक बदलायला हवा. सगळीच नवी घडवायला लागेल."

"पण कशी? निंगप्पाला कसं सांगायचं? त्यानं तशी कधी बघितलेली नाही."

अक्कम्मा उठली, सावकाश, पोटावर हात ठेवून. कोनाड्यातला आरसा घेऊन आली आणि चांगली, उजव्या हाताची एक कातर त्याच्यासमोर धरली. "आत बघा."

गुरुबसप्पा वाकला. आरशात कातर होती. पण वरचं पातं पलीकडच्या अंगाला, अंगठ्याची मूठ दुसरीकडं, धार दुसरीकडं.

"ही आत दिसते ती," अक्कम्मा म्हणाली. "ती घडवायची."

"तुला कसं ग सुचलं?"

"वेणी घालताना आरशात बघते ना. आतली बाई माझ्यासारखी नसते. ती सगळं डाव्या हातानं करते, आणि तिला कुणी काही म्हणत नाही."

ती हसत म्हणाली, पण गुरुबसप्पा हसला नाही. आरसा पंच्यात गुंडाळून तो उन्हातच निंगप्पाकडं निघाला.

निंगप्पानं आधी त्याला वेड्यात काढलं. मग आरशात बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. कडुनिंबाच्या खोडाला खिळा ठोकून त्यानं आरसा टांगला, समोर नमुन्याची कातर लटकवली आणि भट्टी पेटवली. तीन दिवस काम चाललं. पहिलं पातं सवयीनं उजवंच घडलं, ते त्यानं शिव्या देत पुन्हा विस्तवात घातलं. दुसरं जमलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे, लोहाराला नटायची हौस सुटली म्हणायचे. निंगप्पा ठोके घालत राहायचा. गुरुबसप्पा रोज दुकान लावून झाल्यावर तिथं येऊन बसायचा, आणि या खेपेला प्रत्येक ठोक्याला बघायचा.

सोमवारी कातर तयार झाली. गुरुबसप्पानं ती दुकानात नेली नाही, आधी घरी आणली. सोप्यात बसून त्यानं अक्कम्माला हाक मारली आणि कातर पुढं केली.

"चालवून बघ."

तिनं उजवा हात पुढं केला.

"त्या हातानं नव्हे," गुरुबसप्पा म्हणाला. "तुझ्या हातानं."

अक्कम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं डावा हात उचलला. कुंचीतला उरलेला तुकडा घेतला आणि कातर चालवली. कापड एका रेघेत, आवाज करत, दुभंगत गेलं. तिनं आणखी एक पट्टी कापली. मग आणखी एक, काही गरज नसताना. तुकडे मांडीवर पडत राहिले.

"छान चालते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

गुरुबसप्पा खाली बघत होता. "मी तुझा हात बांधायचो," तो म्हणाला. "तेव्हा मला वाटायचं, तुझं भलं करतोय. माझं चुकलं."

 बाहेर कुणी तरी रहाटानं पाणी ओढत होतं.

"आई कधी कधी गाठ सैल करून ठेवायची," अक्कम्मा म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की मी हात काढून घ्यायची. तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही."

"बाळाचा कुठला हात निघेल, काय सांगावं!"

"निघेल तो निघू दे," गुरुबसप्पा म्हणाला. "तुझ्या सासरी मी सांगेन. तुझ्याबद्दलही सांगेन."

"माझं मी सांगेन, अप्पा," अक्कम्मा म्हणाली, आणि कातरीला लागलेले धागे डाव्या हातानं झटकून तिनं ती परत दिली.

मंगळवारी मायाक्काची वाट बघत गुरुबसप्पा सकाळपासून पायरीकडं नजर लावून बसला होता. दुपार झाली, ती आली नाही. बाजार मोडायला आला तेव्हा लांबून एक मेंढरू ओढत ती येताना दिसली.

"ह्ये इकायला आनलंवतं, इकलं न्हाय," ती म्हणाली. "बरं झालं. लोकरीच्या पुंजक्यावर न्हाय बघायचं ह्या खेपेला."

तिनं मेंढरू पायरीशी आडवं केलं, गुडघ्यानं दाबून धरलं, फडकं सोडून पंजा मोकळा केला. गुरुबसप्पानं कातर दिली. मायाक्कानं ती मुठीत धरून एकदा उघडली, मिटली, आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग पोटाकडून सुरुवात केली. कातर सर सर चालली. लोकर अंगावरून घोंगडीसारखी एकसंध उतरत गेली, आणि खालून गुलाबी कातडं दिसायला लागलं, एक ओरखडाही नसलेलं. पेठेतली माणसं गोळा झाली. पान खाऊन होईतो मेंढरू मोकळं झालं आणि अंग झाडत उभं राहिलं.

मायाक्काचा श्वास चढला होता. "घरी पंधरा ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "परवापातूर हुतील. मालकाला सांगते, आता तू नुसतं पाय धरायचं काम कर." आणि ती मोठ्यानं हसली. तिला हसताना गुरुबसप्पानं पहिल्यांदाच बघितलं.

"कुनी घडवली?"

"वेशीजवळच्या निंगप्पानं. धार गेली तर त्याच्याकडंच ने. दुसऱ्या कुणाकडं दिलीस तर उलट्या अंगानं लावून ठेवेल." जरा थांबून तो पुढं म्हणाला, "आणि कशी घडवायची ते माझ्या मुलीनं सांगितलं. ती पण डावखुरी आहे."

हे त्यानं चारचौघांत, भर रस्त्यात, पहिल्यांदाच सांगितलं होतं. गर्दीतल्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

"लेकीला म्हनावं, मायाक्कानं रामराम सांगितलाय," मायाक्का म्हणाली. उतरलेली लोकर तिनं पदरात बांधली. मग आत डोकावून वर टांगलेल्या साखळ्यांकडं बोट केलं. "कुत्र्याला बांधायला बारीक साखळी हाय का? लांडग्यामागं पळतंय नि वाट चुकतंय."

गुरुबसप्पानं हात लांब करून दोन साखळ्या खाली काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या.