दिवा लागायच्या आत

चौदा खिसे घेऊन मी जन्माला आले, मित्रांनो, आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही. भिंतीवर टांगायची मी एक जुनी कापडी पट्टी. वर बांबूची काठी, काठीला सुतळी आणि खाली खिशांच्या रांगा. धुवून धुवून माझा मूळ रंग कोणता होता, हे आता मलाही सांगता येत नाही. सांगलीला विश्रामबागेत, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांचं कार्यालय आहे. तिथल्या भिंतीवर माझं आयुष्य गेलं. मध्ये एक काळ मात्र मी भिंतीवर नव्हते. त्याच काळाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म आष्ट्याचा. वाकळा शिवणाऱ्या हरणाबाईंनी मला जुने पडदे आणि लुगडी जोडून शिवलं. काम सांगितलं होतं विनोदिनीबाईंनी. त्यांनी कागदावर चौदा सारखे चौकोन आखून दिले होते. मला न्यायला आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिल्या.

"अहो हरणाबाई, हे सारखे कुठं आहेत?"

"बाई, तुमची चौदा माणसं एका मापाची हायेत व्हय?"

"नाहीत."

"मग? खिसं तेवढं एका मापाचं मागताय!"

विनोदिनीबाई उंबऱ्यावर बसून हसल्या. मग "चल गं खिसेवाली" म्हणत त्यांनी माझी गुंडाळी काखेत मारली आणि एसटी गाठली. तेच माझं नाव पडलं.

ही चौदा माणसं कोण, तेही सांगते. काहींना शिकायला, बोलायला, स्वतःचं स्वतः करायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि काही बाबतींत जन्मभर कुणाची तरी सोबत लागते. अशी ही चौदा मोठी झालेली मुलं-मुली. त्यांना हवी ती मदत कुठे ना कुठे असते. पण दाखला देणारे डॉक्टर एका गावात, बोलायला शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावात आणि काम शिकवणारी कार्यशाळा तिसऱ्याच टोकाला. आईवडिलांनी कुणाच्या दारात किती खेटे घालायचे? ही सुटी टोकं एकमेकांना बांधून देणं हे विनोदिनीबाईंचं काम. त्यांचा अर्धा दिवस फोनवर जाई आणि अर्धा एसटीत. कवठे महांकाळचा पप्पू कार्यशाळेत रमायचा, पण एसटीत चढताना ओरडून गाडी डोक्यावर घ्यायचा. बाईंनी दोन दिवस त्याच्याबरोबर प्रवास केला, तेव्हा कळलं, त्याला फक्त ड्रायव्हरच्या मागची जागा हवी असते. बाई कंडक्टरशी बोलल्या. तिसऱ्या दिवसापासून पप्पूच इतरांना "लवकर चढा" म्हणून दटावू लागला.

असं काही कळलं की बाई ते चिठ्ठीवर लिहायच्या आणि त्या माणसाच्या खिशात, दाखल्यांच्या मागे ठेवायच्या. फॉर्ममध्ये ज्याला रकाना नसतो, ते सगळं या चिठ्ठ्यांवर.

खिशांवर नावं मात्र नव्हती. आल्यागेल्याने भिंतीवर कुणाचं नाव वाचू नये, असा बाईंचा कटाक्ष. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक बटण आणायचं आणि ते त्याच्या खिशाला लागायचं. आष्ट्याच्या भरतेशने आपल्या फौजी मामाच्या कोटाचं भलंमोठं पितळी बटण आणलं. माझा तो खिसा वजनाने जरा लोंबतो. भरतेश कार्यालयात आला की आधी बटणाला हात लावणार, मग खुर्चीत बसणार.

त्याच्याबरोबर त्याची आई यायची, गुणमालाबाई. एकदा बाईंनी त्यांना विचारलं, "भरतेशचं असं काही सांगा, जे डॉक्टरांनी कधी विचारलंच नाही."

गुणमालाबाई लाजल्या. "त्यात काय सांगायचं, बाई? सगळ्यांच्यासारखंच हाय की त्याचं."

"जेवण?"

"जेवतोय चांगला. फकस्त दिवा लागायच्या आत. आमी जैनाची माणसं, दिवस मावळला की आमच्यात जेवत न्हाईत. मी समई लावली की म्हणते, 'दिवा लागला.' मग हा ताटाला शिवत न्हाई, कुणी कायबी देऊ दे. आवं, हे कशाला लिहिताय?"

"असू दे. लिहून ठेवते," बाई म्हणाल्या आणि शब्दाला शब्द लिहिलं.

अकरा वर्षं मी भिंतीवर होते. आधी गुणमालाबाई गेल्या. मग गेल्या भाद्रपदात विनोदिनीबाई गेल्या.

बाईंची मुलगी मयूरी त्यांच्या वस्तू न्यायला आली. थर्मास, स्वेटर, चष्म्याचं घर असं तिने पिशवीत भरलं. माझ्यासमोर मात्र बराच वेळ उभी राहिली. एकेका खिशात हात घालून बघितला. शेवटच्या खिशात बाईंच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. ती तिने पर्समध्ये ठेवली.

"ताई, ही खिसेवाली पण घेऊन जा. आठवण म्हणून," कुणीतरी म्हणालं.

"नको," मयूरी म्हणाली. "ही आईची नाही. या चौदा जणांची आहे."

बाईंच्या जागी अनीश आला. वाईचा, हुशार, कामाला वाघ. त्याने माझ्यातले सगळे दाखले काढून संगणकात घातले आणि मूळ कागद फायलींत लावले. फार चांगलं केलं. पावसाळ्यात माझे कागद दमट होत असत. पण चिठ्ठ्यांवर ना शिक्का, ना तारीख. त्या त्याने खिशांतच राहू दिल्या. मग भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून मला गुंडाळून कपाटावर टाकलं. रंग वाळला, खिळ्यावर कॅलेंडर लागलं आणि मी वरच राहिले. एक पाल सोबतीला होती. तिचा स्वभाव बरा होता.

याच दिवसांत भरतेशचं मोठं काम निघालं. त्याचे वडील जयपालकाका आता चौऱ्याहत्तरचे. गुडघे गेलेले, घरात दोघंच. "माझ्या माघारी ह्याचं कसं?" एवढा एकच प्रश्न घेऊन ते जिना चढून यायचे. अनीशने महिनाभर फोन करून साताऱ्याजवळच्या एका निवासी घरात भरतेशसाठी जागा मिळवली. तिथे अशी एकोणीस माणसं एकत्र राहतात. अट एकच होती. आठ दिवस राहून बघायचं. रुळला तर जागा त्याची, नाही तर यादीतल्या पुढच्याची.

भरतेश आनंदाने गेला. तिथे काय घडलं ते मला मागाहून कळलं. सकाळी जेवला, दुपारी बागेला पाणी घातलं, चार वाजता चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. त्या घरी रात्रीचं जेवण आठला. थंडीचे दिवस, सहालाच अंधार. वाढणाऱ्या सिद्धूने ताट पुढे केलं, तर भरतेशने तळहात आडवा धरला आणि म्हणाला, "दिवा लागला."

सिद्धूने तो हात पकडून उलटा-सुलटा करून पाहिला. "कुठं लागला रं? भाजलं काय?"

"दिवा लागला!"

सिद्धू पळत घराच्या प्रमुख प्रीतीमॅडमकडे गेला. त्यांनी हाताला मलम लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मॅडमचा अनीशला फोन आला, की भरतेश दिव्याचा चटका लागल्याची तक्रार करतो आणि रात्री जेवत नाही. अनीशने लगेच जयपालकाकांना फोन लावला. तो फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवतो, म्हणून कपाटावर मला सगळं ऐकू आलं.

"काका, भरतेशला कधी दिव्याचा चटका बसला होता का?"

"ल्हानपणी एकदा निरांजनात बोट घातलं हुतं की. का वं?"

"काही नाही, काका. कारण सापडलं!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथूनच ओरडले असते. पितळी बटणाच्या खिशात उत्तर होतं आणि खाली अनीश साताऱ्याला सांगत होता, "मॅडम, तो दिव्याला घाबरतो. जेवताना दिवे बंद करून बघा."

त्यांनी तेही केलं. एकोणीस माणसांना अंधारात जेवायला बसवलं. ज्या पोराला दिवस मावळल्यावर घास घ्यायचा नाही असं जन्मभर ठाऊक, त्याच्यापुढे गडद अंधारात ताट! भरतेशने त्या रात्री पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं. तिथल्या स्वयंपाकीण बनाबाई पुढे सांगायच्या, "मी म्हनलं, माणूस उपाशी हाय आन् तुमी बत्त्या घालवताय! माझीच आमटी सिद्धूच्या मांडीवर सांडली."

सातव्या दिवशी भरतेशचं वजन दोन किलोने उतरलेलं होतं. आठव्या दिवशी, शनिवारी, प्रीतीमॅडम त्याला घेऊन विश्रामबागेत आल्या. आष्ट्याहून जयपालकाका आले, हातात कापडात बांधलेला डबा घेऊन. भरतेश खिडकीशी बसला, मलूल.

"काका, पोरगा गोड आहे," मॅडम म्हणाल्या. "पण रोज रात्री उपाशी ठेवून मी याला सांभाळते, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

जयपालकाकांनी मान हलवली. "न्हेतो मी परत. त्याला घर हाय. फकस्त..." डब्याची गाठ ते उगाच सोडत आणि बांधत राहिले.

अनीश म्हणाला, "एक मिनिट. जुन्या डॉक्टरांचा काही शेरा आहे का, बघू." कपाटावरची फाईल काढायला तो स्टुलावर चढला आणि त्याने फाईल ओढली. मी फाईलवर होते. मी पडले की उतरले, ते तुम्ही ठरवा. पण अनीशच्या डोक्यावरून, टेबलाच्या कडेवरून, धुरळ्यासकट मी जमिनीवर उलगडले. अनीशला सात शिंका आल्या.

भरतेश आठ दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. "खिसेवाली!"

तो खाली बसला. बोटाने एकेक बटण ओलांडत पितळी बटणापाशी आला, खिशात हात घातला आणि चिठ्ठी काढून अनीशच्या हातात दिली.

"वाच."

अनीशने नाक पुसत मोठ्याने वाचलं. "'जेवतोय चांगला. फकस्त दिवा लागायच्या आत. आमी जैनाची माणसं, दिवस मावळला की आमच्यात जेवत न्हाईत. मी समई लावली की म्हणते, दिवा लागला. मग हा ताटाला शिवत न्हाई, कुणी कायबी देऊ दे.'"

मग प्रीतीमॅडमनी कपाळावर हात मारला. "आणि मी याला अंधारात बसवलं! काका, तुम्ही तरी सांगायचं!"

"हे सांगायचं असतंय व्हय?" जयपालकाका चकित होऊन म्हणाले. "आमच्या गल्लीत मांजर बी दिवा लागायच्या आत जेवतंय!" मग त्यांचा आवाज उतरला. "साहेब, हे हिचं बोलणं हाय. भरतेशच्या आईचं. परत वाचा की."

अनीशने पुन्हा वाचलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"किती वाजले?" मॅडमनी एकदम विचारलं. पावणेसहा झाले होते. खिडकीतून तांबूस उजेड टेबलावर आला होता, पण तो झरझर मागे सरकत होता. पुन्हा पुन्हा बांधून घट्ट झालेली डब्याची गाठ काकांच्या बोटांना सुटेना. मॅडमनी ती दातांनी सोडली. भाकरी, दोडक्याची भाजी, दही. भरतेशने खुर्ची उजेडात ओढून घेतली आणि जेवायला लागला. खोली काळवंडत चालली तसा अनीशचा हात सवयीने भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

"लावू नका!" काका आणि मॅडम एकदमच ओरडले.

अनीशने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तिघंही भरतेशच्या शेवटच्या घासाकडे बघत बसली. त्याने दही चाटलं, तांब्यातलं पाणी प्यायलं, डब्याला झाकण लावलं. मग स्वतः उठला, बटण दाबलं आणि लख्ख उजेडात सगळ्यांकडे बघून म्हणाला, "दिवा लागला."

साताऱ्याची जागा त्याचीच झाली. आता थंडीत त्या घराचं जेवण साडेपाचला असतं, कारण इतरांनीही लवकर जेवायचा हट्ट धरला. बनाबाईंना सहाची गाडी मिळते, म्हणून त्या भरतेशवर विशेष खूश आहेत. जेवणाची घंटा तोच वाजवतो, आधी पश्चिमेला बघून.

मला अनीशने स्वतः धुतलं, वाळवलं आणि कॅलेंडर काढून खिळ्यावर टांगलं. पुढच्या महिन्यात अनीशने मयूरीला बोलावून घेतलं. एका नव्या मुलीचं नाव आलं होतं आणि खिसा नव्हता. मयूरीने आईची एक सुती साडी आणली होती. त्या साडीचा चौकोन तिने मला शिवला. टाके वाकडे आले, पण हरणाबाईंनी नावाजले असते. आता मी पंधरा खिशांची आहे, आणि चिठ्ठ्या लिहायला मयूरी अधूनमधून येते.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. संगणक ठेवा, फॉर्म भरा, त्यांचा मला राग नाही. पण तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात असं कुणी असेल, तर त्याला आणि त्याच्या माणसांना एकदा विचारा, की आम्ही अजून काय विचारलं नाही? सांगतील ते तुमच्या शब्दांत बदलू नका. त्यांच्याच शब्दांत लिहा आणि हाताला लागेल अशा जागी ठेवा.

परवा भरतेश भेटीला आला होता. बटणाला हात लावून झाल्यावर मयूरीने नवी चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "काय लिहू?"

त्याने बराच विचार केला.

"लिही," तो म्हणाला. "बनाबाई बरी. आमटी पातळ."

तिने शब्दाला शब्द लिहिलं.